चार वाजताचं माप

टक् करून कंपासपेटीचं झाकण उघडलं आणि तासभर थोपटून झोपवलेलं तान्हं चुळबुळलं. मी शिलाई मशीनवरूनच डोळे वटारले. लेकीने जीभ चावली, हळूच पट्टी काढली आणि खिडकीखाली फरशीवर पालथी पडली. चार वाजले होते. ग्लासात लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची उंची घ्यायची वेळ.

हे सगळं तिच्या विज्ञानाच्या बाईंचं. रोज त्याच वेळी मोजायचं. पट्टीच्या कडेपासून नाही, शून्याच्या रेघेपासून. डोळा रेघेच्या अगदी समोर आणायचा, वरून पाहिलं तर माप फसवतं. दिसेल तेच लिहायचं, वाटेल ते नाही. दोन आठवडे आमच्या घरात उठता-बसता बाईच. मी चमचाभर तेल टाकलं तरी लेक विचारायची, चमचाभर म्हणजे किती मिलिलिटर?

याच मुलीने आजवर माझ्या टेपचं दुसरं टोक धरलं होतं. स्टुलावर उभी राहून गिऱ्हाइकाच्या खांद्याचे इंच मोठ्याने वाचायची. तुझ्या आईच्या डोळ्यांतच टेप आहे गं, असं कुणी म्हटलं की फुगून जायची. आणि परवा मी सहज म्हटलं, रोप चार बोटं वाढलंय, तर मोठ्या समजुतीने म्हणाली, "आई, कुणाची बोटं?"

पोटात दुखलं माझ्या, नाही कशाला म्हणू? बाईंना मी एकदाच शाळेच्या फाटकाशी पाहिलं होतं. माझ्याच वयाच्या असतील. त्यांची एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब होती. ते बघून मला फार बरं वाटलं.

काल बाई वर्गाला तळ्यावर पाणपक्षी बघायला घेऊन गेल्या. परतायला सहा वाजणार, म्हणून लेक वही माझ्या हातात देऊन दहा वेळा बजावून गेली होती. चारच्या ठोक्याला मोज, आई. झोपून मोज. चारला तान्हं किरकिरत होतं, पडद्याची शिवण अर्धवट होती. पण खरं सांगायचं तर वेळ होता. बाईंची ती पारदर्शक पट्टी हातात घ्यायला मन होईना. नुसत्या नजरेवर मी बायकांचे गळे कापते आणि ते चुकत नाहीत, मग या टीचभर रोपाची काय कथा? मशीनवरूनच पाहिलं आणि ठोकून दिलं: अकरा सेंटीमीटर आठ मिलिमीटर. मिलिमीटर मुद्दाम घातले, खरं वाटावं म्हणून.

आज ती पालथी पडली, उठली, पुन्हा पडली. तीनदा मोजलं. अकरा सेंटीमीटर चार मिलिमीटर. तिने ते लिहिलं आणि वरच्या ओळीकडे बघत राहिली. एका दिवसात रोप खाली आलं होतं.

आता माझ्यावर येणार, म्हणून मी सुईत दोरा ओवायच्या नावाखाली मान खाली घातली. पण ती मातीत बोट घालून ओल बघत होती. मग पट्टी उजेडात धरून वाकली आहे का ते पाहिलं. मग रबर काढलं आणि आजचा आकडा खोडायला घेतला.

"काय करतेस?"

"माझंच चुकलं असणार. बाईंना सांगेन, आमच्या आईचं माप चुकत नाही."

दोन आठवडे मला हेच ऐकायचं होतं. चार मिलिमीटरमधला चार अर्धा पुसला गेला होता. मी उठून तिचा हात धरला.

"खोडू नकोस. तुझं बरोबर आहे."

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. रोपाकडे बघते तशी, डोळे अगदी समोर आणून.

"मग काल तू कशाने मोजलंस?"