नेच्यांत बुडालेल्या खुणा

साहेबांनी हे काम तिच्यावर सोपवलं, कारण मामला घरचा होता. घरच्या माणसानं सांगितलेलं मनाला लागत नाही, असं साहेबांचं म्हणणं. घरच्याच माणसाचं सगळ्यात जास्त लागतं, हे उत्तर तिला सुचलं तोवर ती त्यांच्या खोलीबाहेर आली होती आणि दार बंद झालं होतं.

काम तसं एका वाक्याचं होतं. सासऱ्यांना सांगायचं, की यंदापासून दरीतल्या वाटेवर रंग लावायला जाऊ नका, डबा आणि ब्रश कार्यालयात जमा करा.

दरीच्या तोंडाशी छोटंसं कार्यालय होतं. तिथल्या खिडकीत बसून ती येणाऱ्यांना नकाशे द्यायची, बूट बघून कोण कुठवर जाईल याचा अंदाज बांधायची आणि बाटल्या आत टाकू नका असं दिवसभर सांगायची. नदीकाठानं वर जाणाऱ्या वाटेवर तीन धबधबे लागत. पहिल्यापर्यंत कडेवरच्या मुलांसकट सगळे जात. दुसऱ्यापर्यंत लाकडी कठडे होते. तिसऱ्याची वाट मात्र दाट झाडीतून जायची. तिथे कठडे नव्हते, पाट्या नव्हत्या. झाडांच्या बुंध्यांवरचे पिवळे पट्टे बघत पुढे जायचं. एक पट्टा म्हणजे सरळ चला. एकाखाली एक दोन पट्टे म्हणजे पुढे वाट वळते. हे नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं होतं आणि ती ते प्रत्येकाला तोंडानंही सांगायची.

पट्टे सासऱ्यांचे. तरुण वयापासून तेच लावत आले होते. दरवर्षी पाऊस सरला, बुंधे वाळले, की डबा, ब्रश आणि शेवाळ खरवडायचा तारेचा ब्रश घेऊन ते वर चढत आणि खुणा ताज्या करत. त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या असत. नेहमी येणारे लोक त्यांना पिवळे काका म्हणत. खिडकीशी येऊन "पिवळे काका आहेत का?" असं कोणी विचारलं, की तिला उगाच बरं वाटायचं.

गेल्या पंधरवड्यात एक मावशी आणि तिचा भाचा त्या वाटेवर चुकले. दुसऱ्या धबधब्याच्या वर कुठेतरी ते भलतीकडे वळले आणि नदीच्या पात्रात उतरले. मावशीचा पाय दगडांत सापडून मुरगळला. अंधार पडायच्या आत दोघे सापडले, एवढं नशीब. पाय टोपलीएवढा सुजला होता, तरी मावशीची जीभ शाबूत होती. "दोन पट्टे बघून वळलो आम्ही. तुमचा नकाशाच तसं सांगतो. आता नकाशा खोटा, की मी?"

तिनं नकाशा पाहिला. त्या भागात वळण नव्हतंच. म्हणजे बाई दमली असेल, पट्टा दुहेरी दिसला असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. घरी सासरे म्हणाले, "लोकांना नाकासमोर चालता येत नाही, आणि बोल पट्ट्यांना." साहेबांनी मात्र लोखंडी पाट्यांचं काम एका कंपनीला देऊन टाकलं.

तीन दिवस झाले, तिच्या तोंडून शब्द फुटेना. पहिल्या रात्री तिनं नवऱ्याला पुढे करून बघितलं. तो बसवर ड्रायव्हर होता आणि रस्त्यावरच्या कोणालाही ऐकवताना मागेपुढे बघत नसे.

"तुमचे वडील आहेत. तुम्ही सांगा."

"मला सकाळी बस काढायची आहे."

"आत्ता कुठे जेवणं झालीत."

"म्हणून तर लवकर झोपतो," असं म्हणून त्यानं कूस बदलली.

चौथ्या दिवशी तिची सुटी होती. सकाळी ती बाहेर आली तर सासरे पायरीवर बसून काडीनं रंग ढवळत होते.

"बाबा, मी पण येते आज."

त्यांनी मान वर केली. "कशाला? फिरायला?"

हा शब्द ते नेहमीच असा उच्चारत, जणू कोणाला 'आळशी' म्हणत असावेत. दरीत माणसानं कामाला जावं. नुसतं फिरायला जाणारे लोक त्यांना आवडत, त्यांच्यासाठीच तर खुणा. पण आपण त्यांतले नाही, याबद्दल त्यांची खात्री होती. हेच तिच्या मनाला खात होतं. हातातून डबा गेला की हा माणूस पुन्हा दरीत पाऊल टाकणार नाही. खुर्ची घेऊन अंगणात बसेल आणि बसूनच राहील.

"डबा धरायला येते," ती म्हणाली. तिसऱ्या धबधब्यापाशी पोचल्यावर सांगू, तिथे पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकू येणार नाही, असा तिचा बेत होता.

दुसऱ्या धबधब्यापर्यंत ते गप्पा मारत चढले. कठडे संपले आणि झाडी अंगावर आली. लग्नानंतर ती एकदाच इथवर आली होती. रोज नकाशा हातात घेऊनही ही वाट तिनं पायांनी कधी धड पाहिलीच नव्हती. दोन्ही बाजूंना नेचे माजले होते, काही ठिकाणी तिच्या छातीला लागत होते.

पहिल्या झाडापाशी सासऱ्यांनी डाव्या हातानं नेचे बाजूला सारले, किंचित वाकले आणि बुंध्यावर कमरेच्या उंचीला पट्टा ओढला. सरळ, एका दमात. हात बाजूला घेतला तशी नेच्यांची पानं परत जागेवर आली आणि पट्टा दिसेनासा झाला.

"बाबा, इतकं खाली?"

"नेहमीचीच जागा आहे."

तिनं वर पाहिलं. डोक्याच्याही वर, शेवाळाखाली काहीतरी पिवळसर होतं. टाचा उंचावून तिनं नखानं खरवडलं. जुना रंग.

"मग ही कोणाची खूण?"

"माझीच. झाड वाढलं, खूण वर गेली."

"झाड शेंड्याकडे वाढतं, बाबा. बुंधा वर सरकत नाही."

"तू झाड लावलंयस कधी?"

"गॅलरीत आहेत की दोन."

"मग गॅलरीतल्यांबद्दल बोल," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

ती मागून निघाली, पण आता ती प्रत्येक झाड बघत होती. वर, शेवाळात बुडालेली एक खूण. तिच्याखाली, खांद्याच्या उंचीला तशीच झाकलेली दुसरी. मग छातीच्या. सगळ्यांत खाली ताजी. तिला घरातल्या गोष्टी आठवायला लागल्या. सासऱ्यांनी आपला चष्मा आणि औषधं वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणली होती. केस विंचरताना ते हात वर नेत नसत, डोकंच कंगव्यापाशी आणत. छत्री नको, रेनकोट हवा असा हट्ट त्यांनी धरला तेव्हा तिनं हौसेनं चांगल्यातला आणून दिला होता. हे सगळं तिनं बघितलं होतं, पण एकाला एक कधी जोडलं नव्हतं.

एवढ्यात नेच्यांतून आवाज आला. "अहो, कोणी आहे का तिकडे?"

गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक बाई बाहेर आली. टोपीला काटक्या चिकटल्या होत्या. "तिसऱ्या धबधब्याला हीच वाट ना? मघापासून पट्टा शोधतेय."

"हा काय!" सासरे म्हणाले. त्यांनी पुढच्या झाडाजवळचे नेचे फाकवले. बाई वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून तिनं खूण नीट निरखली आणि खळखळून हसली.

"काका, वाट माणसांची आहे, की सशांची?"

सून हसली नाही, सासरेही हसले नाहीत. "नदीचा आवाज उजव्या हाताला ठेवा," ते म्हणाले. "इकडेतिकडे उतरू नका." बाई आभार मानून गेली.

पुढे वाट नदीच्या अगदी कडेला येते, तिथे एक जाड बुंध्याचं झाड होतं. नेचे विरळ, त्यामुळे बुंधा मुळापासून स्वच्छ दिसत होता. यंदाच्या पावसात त्याच्यावरचं शेवाळ सोलपटासारखं सुटून खाली पडलं होतं, आणि कित्येक वर्षं झाकलेली खांद्याच्या उंचीची जुनी खूण उघडी पडली होती. तिच्याखाली हातभर अंतरावर गेल्या वर्षीची.

एकाखाली एक, दोन पट्टे.

ती दिवसभर लोकांना जे सांगायची तेच तिच्या तोंडून निघून गेलं. "इथे वाट वळते?"

"कुठे वळते? सरळ तर आहे." ते बोलले आणि थांबले. त्यांची नजर बुंध्यावर गेली. मग झाडाच्या बाजूनं खाली नदीकडे उतरणाऱ्या घसरणीवर. तिथल्या मातीत बुटांचे ठसे वाळून घट्ट झाले होते.

ते जवळच्या दगडावर बसले. ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"त्या बाईचा पाय," ते म्हणाले, "माझ्यामुळे मुरगळला."

"तुम्ही मुद्दाम थोडंच—"

"मुद्दाम नाही. पण मला ठाऊक होतं, खाली येतायत खुणा. दरवर्षी थोड्या. म्हटलं, काय बिघडतंय चार बोटांनी." त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. "याच्यावर जात नाही."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर डबा काढून घेतला असता तुम्ही लोकांनी. मग मी इथे कशाला येऊ?"

'फिरायला' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला.

"आता सांग," ते म्हणाले.

"काय?"

"साहेब काय म्हणाले ते. तीन दिवस भाजीत मीठ नाही. तुझ्या पोटात काही राहिलं, की डब्यातलं मीठ डब्यातच राहतं. हे मला तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कळलं."

तिनं सांगितलं. पाण्याचा आवाज होता, तरी त्यांना सगळं ऐकू गेलं. लोखंडी पाट्या, कंपनी, डबा आणि ब्रश जमा. ते मान हलवत राहिले. रागावले नाहीत, त्यामुळे तिला जास्तच त्रास झाला.

"पाट्या कधी बसणार?"

"येतील तेव्हा. नक्की कोणी सांगत नाही."

"तोवर लोक येतच राहणार. ती दुर्बीणवाली उतरताना याच झाडाशी येईल." ते हाताचा रेटा देऊन उठले आणि ब्रश तिच्यापुढे धरला. "धर. वरची खूण ताजी कर."

"मी?"

"मग काय ससे करतील?"

तिनं तारेच्या ब्रशनं उरलंसुरलं शेवाळ काढलं, रंगात ब्रश बुडवला आणि हात उचलून पट्टा ओढला. रंगाचा ओघळ मनगटावरून बाहीत शिरला.

"पट्टा काढतेयस, की काजळ घालतेयस? एकदा टेकवला की थांबायचं नाही."

"तुम्ही बघता म्हणून हात कापतोय."

"मग नाही बघत," असं म्हणून ते मागच्या झाडापर्यंत चालत गेले, तिथे वळून उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघू लागले. त्यांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी तिथून ओरडून सांगितला. "एका खुणेपाशी उभं राहिलं, की पुढची दिसली पाहिजे! न शोधता!"

"दिसते का?"

"वाकडी आहे. पण दिसते."

मग ते परत आले, तारेचा ब्रश उचलला आणि त्याच झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसले. गेल्या वर्षीचा पट्टा त्यांच्या छातीसमोर आला. ते तो खरवडू लागले. पिवळी पूड त्यांच्या पायांवर पडत होती.

"राहू द्या बाबा, मी करते."

"दोन पट्टे राहिले तर पुन्हा कोणी वळेल. वरचं तुझं, खालचं माझं. इथवर हात पोचतो माझा."

असे ते पुढे सरकत राहिले. ती वर रंग लावायची, ते खाली आपलीच खूण पुसायचे. काही झाडांवर त्यांना दोन-दोन खुणा खरवडाव्या लागल्या. मग ते मागे जाऊन बघायचे, कधी "दिसते" म्हणायचे, कधी "जरा डावीकडे घ्यायला हवी होती". तिसऱ्या-चौथ्या झाडानंतर तिचा हात थांबायचा बंद झाला. साहेबांना काय सांगायचं ते तिनं याच दरम्यान जुळवलं. पाट्या बसवा, हरकत नाही. पण पाटी कुठे बसवायची ते मागच्या झाडाशी उभं राहून कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते खिडकीत बसून होत नाही, हे तिनं आज बघितलं होतं. साहेब ऐकतील की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. पण हे वाक्य ती दार बंद व्हायच्या आत बोलणार होती.

तिसऱ्या धबधब्याचा गारवा अंगाला लागायला लागला, तेव्हा वरून दुर्बीणवाली बाई उतरताना दिसली. ती शिट्टी वाजवत होती. दोघांशेजारून जाताना तिनं नुसती मान डोलावली. पुढे जाऊन ती क्षणभर थांबली, समोरच्या झाडावरची खूण पाहिली, मग त्याच्या पुढच्या झाडावरची पाहिली आणि काही न विचारता वाटेनं निघून गेली.

सासरे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"चल," ते म्हणाले आणि डबा डाव्या हातात घेतला. "अजून पाच-सहा झाडं आहेत, मग उतरताना खालची. आणि घरी गेल्यावर आधी भाजीत मीठ घाल."