‘वेन्ट’ची नोंद

बाईंनी खोक्याची पट्टी नखाने उचकटली, वरचीच प्रत काढली आणि शीर्षकपान उघडलं. मुख्य संपादक म्हणून सरांचं नाव. त्याखाली थेट प्रकाशकाचा पत्ता. त्यांनी प्रस्तावना चाळली, शेवटचं कोरं पानसुद्धा उलटून पाहिलं. अठरा वर्षं या कोशाच्या कचेरीत काढली, त्यातली सात एकट्या एका शब्दापायी, आणि त्यांचं नाव कुठे औषधालाही नव्हतं.

"सर, दोन नावं जाणार होती ना?"

"अहो, ऐनवेळी मंडळाने नियम काढला. संपादक एकच." सर चष्मा पुसत राहिले. "पुढच्या आवृत्तीत बघू. बरं, संध्याकाळचं प्रकाशनाचं भाषण तेवढं लिहून द्या. ‘वेन्ट’वर. लोकांना ती गोष्ट फार आवडते."

गोष्ट होतीच तशी. इंग्रजीत ‘गो’ म्हणजे जाणे, पण ‘वेन्ट’ हा त्याचा भूतकाळ मुळात त्याचा नव्हेच. तो ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा. ‘गो’चा स्वतःचा भूतकाळ मागे पडला आणि त्याने शेजाऱ्याचा उचलला. एवढं कोशवाल्यांत कुणालाही ठाऊक होतं. पण ही उचलाउचल आधी कुठे झाली, कधी झाली, हे बाईंनी जुन्या खासगी पत्रांतून डोळ्यांत तेल घालून हुडकलं होतं.

"माझ्या तोंडचं वाटू द्या हं," सर म्हणाले. "मी हे केलं, मी ते केलं, असं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तोंडातून "बरं" निघालंच. मेली सवय! त्या खुर्चीत बसल्या आणि एका दमात दोन पानं टाइप करून मोकळ्या झाल्या. सरांनी ती न वाचताच खिशात घातली.

"तुमचं कधी तपासावं लागतं का!"

सभागृहात बाईंची थोरली बहीण तासभर आधीच येऊन बसली होती, ठेवणीतले कपडे घालून. त्या सात वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तिनेच केलं होतं, धाकटीला कामाला जाता यावं म्हणून.

"तुझं नाव कितव्या पानावर गं?"

"घरी गेल्यावर दाखवते."

सर उभे राहिले. आवाज भारदस्त, कागदावरून नजर क्वचितच वर.

"मी सात वर्षं, एकही दिवस न चुकवता, अभिलेखागारात गेले."

सगळं सभागृह खो खो हसलं. सर गडबडले, पण क्षणभरच.

"गेलो! माफ करा. टाइप करणाऱ्या बाईंची चूक."

पुन्हा हशा, आता टाळ्यांसकट. बाईंनी मान खाली घातली. बहीणही हसत होती. तिने कोपराने ढोसलं.

"कोण गं ही टाइप करणारी? तुमच्याकडेच असते?"

"असते एक."

"धांदरट दिसते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा निरोप आला: भाषण स्मरणिकेत जातंय, तेवढं सगळीकडे पुल्लिंगी करून पाठवा. बाईंनी फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून एकेक शब्द पाहत निघाल्या. मी पत्रं वाचली. मी तारखा लावल्या. मी जुन्या कोशांतल्या चुका शोधल्या. मी हे सिद्ध केलं.

‘गेले’चं त्यांनी ‘गेलो’ केलं. बाकी कशालाच हात लावावा लागला नाही.