मला नळावरून काढलं तेव्हा

मी पाण्याची मोटर बोलतेय. अर्ध्या एचपीची म्हणून हसू नका, चिकलठाण्याच्या आमच्या गल्लीत माझा दरारा होता. नळाला आठवड्यातून एकदा, तेही जेमतेम तासभर पाणी. सोमनाथनं मला आणून अंगणातल्या नळाला जोडलं. शेजारच्या द्वारकाबाईंचा नळ त्याच पाइपावर. मी चालू झाले की त्यांच्याकडे नुसती हवा यायची. मला त्याचा फार तोरा होता, कबूल करते.

एका शनिवारी द्वारकाबाई रिकामी बादली घेऊन आल्या. घरात लेक बाळंतीण, धुण्याला पाणी नाही. नाही नाही ते बोलल्या, आमच्या घरच्यांच्या येशूलाही सोडलं नाही. सोमनाथची बायको सरिता एरवी शांत, पण तिचाही तोल सुटला. टाकी भरून पाणी गटारात वाहू लागलं, तरी तिनं मुद्दाम माझं बटण बंद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा, तोही मनात कुणाशी वैर न ठेवता. सरिता लवकरच परतली. प्याला समोर आला पण हातच उचलेना, असं नवऱ्याला म्हणाली आणि पान्हा घेऊन माझ्यापाशी बसली.

सोमनाथ भडकला. शिव्या तिनं दिल्या आणि मोटर आपण काढायची?

“तिनं काय केलं ते तिच्यापाशी,” सरिता म्हणाली. “पाणी मी सांडलंय.”

मग ती शेजारच्या दारात गेली. भिंत एकच, मला सगळं ऐकू आलं.

“मावशी, काल माझं लई चुकलं. मोटर काढलीय. आता येईल तेवढं दोघींचं.”

द्वारकाबाईंनी दार लावून घेतलं.

पुढं सरिताचा ड्रम अर्धाच भरायचा. सोमनाथ गाडीवरून कॅन आणायचा आणि माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायचा. मीही पोत्याखाली चरफडत होते. सरिता मात्र द्वारकाबाई दिसल्या की हसून बाळाची चौकशी करायची, उत्तर मिळो न मिळो. पुढच्या महिन्यात तिनं प्रभुभोजन घेतलं. ओढून घेणं एवढंच मला येत होतं. या बाईचं सोडून देणं पाहून मी थक्क झाले.

मग एका रविवारी ऐन उपासनेच्या वेळी पाणी आलं. घरी कुणी नाही. मी हळहळत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. द्वारकाबाई आत आल्या. त्यांनी नळ सोडला, सरिताचा ड्रम भरला, हंडे भरले, वर झाकणं ठेवली.

दोघं परतल्यावर त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, “पाणी येऊन गेलं गं. तुझं भरून ठेवलंय.”

“आन् तुमचं, मावशी?”

“राहिलं थोडं. तू हायेस की.”

आता मला गंज चढलाय. भंगारवाला आला तर खुशाल द्या मला. फक्त त्या नळाला पुन्हा जोडू नका.