डी म्हणजे उजवीकडे

ओनोफ्रेने तीस वर्षांत आपले दगड कुणाला दाखवले नव्हते. स्पॅनिश लोकांनी पुरलेलं सोनं शोधणाऱ्यांचा हा पहिलाच नियम. पाद्र्याला सगळी पापं सांगावीत, पण खूण कोरलेला दगड कुठे आहे ते सांगू नये. यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. बर्फ पडायच्या आत काय चढायचं ते चढून घ्या, पुढच्या वर्षीपासून अंगणात फिरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एकट्याने जाणं आता शक्य नव्हतं, आणि थोरली बहीण लिब्रादा सोडली तर त्याचं उरलं होतं कोण? ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, पण डोंगर चढताना दम त्यालाच लागत होता.

"कुठे बोलू नकोस हं, ताई," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"कुणाशी बोलू? माझ्या कोंबड्यांशी?"

आस्पेनच्या झाडांची पानं पिवळी झाली होती आणि वारा नसतानाही हलत होती. त्यांच्यातून गळणारा उजेड एवढा मऊ होता की आपण चालतोय की कुणी आपल्याला अलगद वर नेतंय, तेच कळत नव्हतं. खाली त्यांचं गाव धुरात बुडालं होतं. लिब्रादाने भाजलेली मिरची आणि घेवडा भरलेल्या तोर्तिया बांधून घेतल्या होत्या, त्यांचा वास वाटभर सोबत होता.

ओनोफ्रे तिला खुणा समजावत होता. "वर क्रूस असला म्हणजे वाट बरोबर. खाली डी. डी म्हणजे देरेचा, उजवीकडे वळायचं. आणि अक्षर जितकं खोल, तितका खजिना जवळ. पाच दगड वर आहेत, धनगरांच्या जुन्या तळापासून खाली येतात. सहावा सगळ्यात खोल. सातवा सापडला की झालं."

"आणि उजवीकडे वळून आजवर काय मिळालं?"

"एक नाल. एक फुटका पेला."

"उजवीकडे, मग उजवीकडे, मग परत उजवीकडे. अरे, असा वळत राहिलास तर स्वतःच्याच पाठीमागे येऊन उभा राहशील."

तो हसला नाही. सोनं त्याला श्रीमंतीसाठी नको होतं. त्याच्या जन्माच्या वेळीच आई गेली होती. बाप मेंढपाळ, त्याने ओनोफ्रेशी जन्मभर मेंढ्यांपुरतंच बोलणं ठेवलं आणि तसाच एक दिवस गेला. त्या घरातून आपण फक्त नेलं, ही बोच ओनोफ्रेच्या मनातून कधी गेली नाही. सातवा दगड सापडला, तर आपण काही आणलंही, असं म्हणता येणार होतं. वेडेपणाच, पण सहासष्टाव्या वर्षी माणूस शहाणपण कुठून आणणार?

सहाव्या दगडाच्या उजवीकडची जमीन त्याने घुशीसारखी पोखरून ठेवली होती. लिब्रादाने खड्ड्यांकडे पाहिलंच नाही. ती दगडापाशी गेली, वाकली, आणि हात फिरवत तिथेच खाली बसली.

"हे बाबाचं अक्षर आहे," ती म्हणाली.

"काहीतरीच काय. दोनशे वर्षांपूर्वीचं आहे ते."

"डी म्हणजे देस्कान्सो, येड्या. विसावा."

विसावा ओनोफ्रेला माहीत नव्हता असं नाही. स्मशानाच्या वाटेवर, जिथे खांदेकरी पेटी खाली टेकवतात, तिथे लाकडी क्रूस लावून गोटे रचतात. पण तो गावात. डोंगरावर कोण पेटी टेकवायला येतंय?

"आई वर तळावरच वारली," लिब्रादा म्हणाली. "तू तिथेच झालास. बाबा आणि तीन धनगर पेटी घेऊन उतरले, मी मागून तुला शालीत गुंडाळून. सोबत एक शेळी. तू रडलास की बाबा पेटी टेकवायचा, मी तुला दूध पाजायची, आणि तुझं होईपर्यंत तो कोरत बसायचा."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"बाबाने शपथ घातली होती. पोराला वाटेल आपल्यामुळेच झालं, म्हणाला. सांगू नये म्हणून तो बोलायचाच बंद झाला. त्याला तेवढंच जमलं." तिने डोळे पुसले. "तू दगड दाखवले असतेस, तर शपथ केव्हाच मोडली असती मी."

ओनोफ्रेने अक्षरात बोट घातलं. पहिलं पेर पूर्ण आत गेलं.

"हा एवढा खोल का?"

"इथे तू पीतच नव्हतास. ऊन त्या सुळक्यामागे गेलं तरी नाही. धनगर म्हणाले, अंधार होईल, चला. बाबा म्हणाला, हा प्यायल्याशिवाय मी हलणार नाही. कोरायचा, आणि मान वळवून विचारायचा, प्यायला का? पुन्हा कोरायचा."

पानं हलत राहिली. ओनोफ्रेने अक्षरातून बोट काढलं आणि विचारलं, "मग सातवा कुठे आहे?"

"सातवा नाही रे. तू प्यायलास, तेव्हा त्याने तुला माझ्याकडून काढून घेतलं. एका खांद्यावर ती, दुसऱ्या हातात तू. गाव येईपर्यंत त्याने दोघांनाही खाली ठेवलं नाही."