अक्षताने घातलेली अट

अक्षता जळत होती. आडवळणाने कशाला सांगायचं? समोरच्या टेबलावर सेलिना फोनवर कुणाशी हसली, की इकडे अक्षताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोघी मरोळच्या 'अन्नछाया'मध्ये होत्या. ही कंपनी मोठमोठ्या ऑफिसांची कँटीनं चालवते. आचारी, वाढपी, भांडी घासणारे, सुपरवायझर, माणसं सतत लागतात आणि सतत सोडूनही जातात. ती शोधून आणायचं काम अक्षता आठ वर्षं करत होती. जागा भरली की भरणाऱ्याने ऑफिसात स्टीलचं ताट पळीने वाजवायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या, अशी तिथली रीत. आठ वर्षांत सगळ्यांत जास्त ताट कुणी बडवलं असेल तर अक्षताने.

सेलिना तीन वर्षांपूर्वी आली. मरोळ गावठाणातलीच मुलगी, दुपारी चालत घरी जाऊन गरमागरम जेवून यायची. दिंडोशीहून बसने येणाऱ्या आणि सकाळचा गार डबा खाणाऱ्या अक्षताला हेसुद्धा खुपायचं. पण सेलिनाला काम शिकवलं ते अक्षतानेच. शिकवता शिकवता स्वतःला नकोशी कामं तिने हळूच तिच्या गळ्यात मारली. नव्या माणसांना पहिल्या दिवशी सगळं समजावणं, सोडून जाणाऱ्याला कारण विचारणं, सुट्टी मिळाली नाही म्हणून तणतणत आलेल्या वाढप्याला शांत करणं. "तू बघ गं ते," म्हणायचं आणि आपण फोनला लागायचं. या कामांना ताट वाजत नव्हतं, मग वेळ कोण घालवणार?

पुढे पुढे कँटीनची माणसं दारातूनच विचारायला लागली, "सेलिना मॅडम आहेत का?" एकदा खंडू आचारी चकल्यांचा डबा घेऊन आला. त्याला नोकरी लावली अक्षताने, त्याच्यासाठी चार ठिकाणी फोन केले अक्षताने, आणि डबा गेला सेलिनाच्या टेबलावर! सेलिनाने पहिली चकली अक्षतालाच दिली. चकली खुसखुशीत झाली होती, त्याचा तर अक्षताला आणखीच राग आला.

अशात सुबोधसरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सुबोधसर म्हणजे खात्याचे मॅनेजर, भला माणूस, पण कुणाच्या मनात काय शिजतंय याचा त्यांना कधी पत्ता लागत नसे.

"एचआर ऑफिसरची जागा निघतेय. आतलेच अर्ज घेऊ. जाहिरात तू लिही, आणि अर्जही कर. मुलाखत बाहेरच्या एक बाई घेणारेत, त्यामुळे कुणाचा वशिला नाही," ते म्हणाले. "सेलिनापण भरतेय म्हणाली."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं. अक्षताला ते भाजलं. भरतीतून बाहेर पडून खऱ्या एचआरमध्ये जायची ही एकच वाट होती. पुन्हा अशी जागा कधी निघेल कोण जाणे. ही हुकली तर जन्मभर 'हॅलो, नोकरी बघताय का?' एवढंच म्हणत बसायचं. घरी तिची आई नलिनीबाई रोज जेवताना विचारायची, "तुझा प्रमोशन कधी होतला गो?" आणि आता काल आलेली पोरगी पुढे जाणार?

नको असलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, हे रिक्रूटरला पक्कं ठाऊक असतं. तो माणूस अडेल अशी एक अट जाहिरातीत घातली की काम होतं. सेलिनाचं पद ज्युनिअर रिक्रूटर, म्हणजे कागदोपत्री नुसती भरती. तेव्हा अक्षताने लिहिलं: 'केवळ भरतीचा अनुभव चालणार नाही. नव्या माणसांचं पहिल्या दिवशीचं इंडक्शन, सोडून जाणाऱ्यांशी बोलणं आणि तक्रारी सोडवणं, हे स्वतः केलेलं असावं.' खात्यातलं सगळं आपल्याच देखरेखीखाली चालतं, तेव्हा ते आपलंच, असं ती धरून चालली. हजारो लोकांचे बायोडेटा चाळणारी ही बाई, तिला स्वतःचा एकदा चाळून बघायचं सुचलं नाही.

मुलाखतीच्या बाई चष्म्यावरून बघत शांतपणे विचारत गेल्या.

"तुमच्याकडे इंडक्शन कोण घेतं?"

"सेलिना घेते. म्हणजे, मी तिला शिकवलंय."

"सोडून जाणाऱ्यांशी कोण बोलतं?"

"तेपण... सेलिनाच."

"बरं, तुम्ही स्वतः सोडवलेली एखादी तक्रार सांगा. कुठलीही."

अक्षताने खूप आठवून पाहिलं. प्रत्येक तक्रारीच्या शेवटी तिला स्वतःचंच 'तू बघ गं ते' ऐकू येत होतं.

"जाहिरात तुम्हीच लिहिलीत ना?" बाई म्हणाल्या. "अट अगदी योग्य घातलीत."

दुसऱ्या दिवशी सुबोधसर हसत बाहेर आले. "सेलिनाची निवड झाली! अक्षता, जाहिरात तुझी, म्हणजे जागा तू भरलीस. चल, ताट वाजव."

सगळे बघत होते. अक्षताने पळी उचलली आणि ताट असं बडवलं की मधोमध पोचा आला. टाळ्या पडल्या. तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी लोकांना आनंदाचं वाटलं.

सेलिनाने येऊन तिला घट्ट मिठी मारली. "ती अट वाचली ना, तेव्हा मी घरी रडले यार," ती कानाशी म्हणाली. "मम्मीला म्हटलं, बघ, अक्षताने ही माझ्यासाठीच लिहिलीय. नाहीतर तुझ्या आठ वर्षांपुढे मला कुणी विचारलं असतं? सगळी कामंपण तूच दिलीस मला."

सेलिनाने चार शिव्या घातल्या असत्या तर अक्षताला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिने रागारागात राजीनामा टाइप करायला घेतला. अर्ध्यावर तिच्या ध्यानात आलं की सोडून जाणाऱ्यांशी शेवटचं बोलणं आता सेलिनाच करणार. समोर बसून मायेने विचारणार, का जातेस गं? तिने लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.

तेवढ्यात सेलिना पर्स खांद्याला लावून टेबलाशी आली.

"सोमवारी नवीन वाढपी जॉईन होतायत. इंडक्शन तू घेशील? मी असेन बाजूला. पुढच्या वेळी अर्जात दाखवायला होईल ना तुला."

जळणं काही थांबलं नव्हतं. उलट सेलिनाचा तो भला चेहरा बघून भडकाच उडाला. 'तू बघ गं ते' हे शब्द अक्षताच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले.

"किती वाजता येऊ?" तिने विचारलं.