दोघींचं ठरलं म्हणजे

बार्शीटाकळीच्या शेतात खुशालकाका फवारणीला निघाले, तेव्हा मी त्यांना अडवलं. "काका, हे औषध कपाशीवर मारू नका, कळ्या-पाती गळतील."

"काहून? तूच त सांगतलं मारा म्हनून!"

त्यांनी फोन दाखवला. त्यात मी तेच औषध विकत होते. चेहरा माझा, आवाज माझा, पण मी हे कधीच बोलले नव्हते.

"हा व्हिडिओ बनावट आहे," असं सांगणारा नवा व्हिडिओ मी बांधावरच काढून माझ्या शेतीसल्ल्याच्या चॅनेलवर टाकला.

काकांनी दोन्ही व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. "दोनीत तूच दिसून रायली. पन पयलीले लाईक जास्त हायेत."

"काका, मी समोर उभी आहे ना!"

"हाव," ते गोंधळून म्हणाले. "आज रायू देतो फवारनी. तुमचं दोघीचं ठरलं म्हंजे सांगजो."