सोबतच्या माणसाची खुर्ची

पियानोच्या बाईंचा एक नियम होता. चार ते सात वर्षांचं मूल शिकायला आलं, की त्याच्यासोबत आलेल्या मोठ्या माणसाने शेजारच्या खुर्चीवर बसायचं आणि प्रत्येक धडा आधी स्वतः वाजवायचा. म्हणजे घरी मुलाचा सराव नीट घेता येतो. बाकीचे आईबाप या नियमाने वैतागलेले. एक गृहस्थ तर फोन कानाला लावून एका हाताने वाजवायचे. मी मात्र दर शनिवारी नातीला घेऊन अर्धा तास आधीच हजर.

नात सहा वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी टिकत नाही. अशा पोरीला पियानोला घालायची कल्पना माझीच. "बोटांना वळण लागतं, गणित सुधारतं," असं सांगून मी लेकीला पटवलं. गणिताचं मला काय पडलंय! ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड.

खरी गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. एका इमारतीत केबिनच्या टपावर उभा होतो, कोपरापर्यंत ग्रीस माखलेलं, आणि चौथ्या मजल्यावरून पियानो ऐकू आला. कुणीतरी एकच तुकडा वाजवत होतं, अडखळत होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं. काम वीस मिनिटांचं. मी ते तीन तास पुरवलं. लोक जिने चढता-उतरताना माझा उद्धार करत होते आणि मी अंधारात पाना धरून गप्प उभा. आपणही एकदा तिथे बसावं, असं तेव्हापासून वाटत आलं. फार वाटलं. पण बोललो कुणाला नाही, बायकोलासुद्धा नाही. ग्रीसचे हात आणि पियानो म्हणजे लोकांना हसायला आयतं कारण.

बाई बोटांना आकडे देतात. अंगठा एक, करंगळी पाच. माझ्या डाव्या हाताचं चार नंबरचं बोट एकटं उठायला तयारच नव्हतं. मी जोर लावला की शेजारची दोन्ही उठायची.

"जोर नको, आजोबा. त्याला वेळ द्या," बाई म्हणायच्या.

जन्मभर नट आवळणाऱ्याला हे कळायला तीन महिने लागले. चौथ्या महिन्यात ते उठलं. त्या दिवशी घरी येताना मी खिशात हात घालून रस्ताभर तेच बोट उठवत होतो. म्हणतात ना, साठी बुद्धी नाठी!

इकडे भिंगरी कंटाळली. "आबा, मला पोहायला जायचंय." मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात हं." आणि हातावर चॉकलेट ठेवायचो. घरी लेकीने कीबोर्ड आणला होता. लेक कामावर गेली की भिंगरी टेबलाखाली चित्रं काढायची आणि वर मी वाजवायचो. सरावाच्या वहीत मिनिटं लिहायचो तीही मीच. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं चाललं होतं.

गेल्या शनिवारी बाईंनी वही उघडली.

"रोज चाळीस मिनिटं? ही बसते एवढा वेळ?"

मी उत्तर जुळवेपर्यंत भिंगरी बोलून गेली. "मी नाही, आबा वाजवतात. मी मासे काढते. मला पोहायला जायचंय, पण आबा सोडतच नाहीत."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग जाऊ दे की तिला पोहायला," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही, आजोबा?"

"मी काय, हिला सोडायला येत होतो."

एरवी माझी जीभ कुणाला हार जात नाही. त्या दिवशी तिला एवढंच सुचलं. बाईंनी "बरं" म्हणून वही माझ्या हातात दिली.

भिंगरी "पोहायला, पोहायला" करत दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरली. मला मात्र पहिल्याच वळणावर बसावं लागलं. पुढच्या शनिवारी इथे यायला काही कारणच उरलं नव्हतं. वर पुढच्या मुलाचा धडा सुरू झाला. त्या मुलाला जमत नव्हतं, आणि नेमकं कुठे चुकतंय ते मला कळत होतं. सहा वर्षांच्या पोरीने तोंड उघडलं आणि तिला हवं ते मिळालं. मी सहासष्टचा, आणि आत्ता कुणी समोरून विचारलं तरी खोटं बोललो.

"भिंगरे, थोडा वेळ थांबशील?"

"चॉकलेट आहे?"

"नाही."

तिने विचार केला आणि ती थांबली.

आम्ही वर जाऊन बाकावर बसलो. आतलं मूल बाहेर आलं, मग आणखी दोन मुलं जाऊन आली. शेवटी बाई दिवा बंद करायला आल्या आणि आम्हाला बघून थबकल्या.

"काही विसरलं का?"

"मला शिकायचंय," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "हिला नाही. मला."

बाईंनी दिव्याच्या बटणावरचा हात काढला आणि त्या दारातून बाजूला झाल्या. माझं पाऊल काही उचलेना. भिंगरीने मागून दोन्ही हातांनी ढकललं, तेव्हा कुठे मी आत गेलो.